पाकीट फाडायचं नाही

मरायच्या दिवशी दुपारी माझी बायको जळगावच्या एका सराफाच्या दुकानात तीन कप चहा प्यायली. पहिला त्यांनी आपण होऊन दिला, दुसरा तिनं मागून घेतला, अन् तिसरा माझा होता. मला शुगर आहे, मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "नको कसा? तो नाण्याच्या किमतीत धरलेला राहतो. तुम्ही सोडला तर काय एसीला पाजतील?" अन् माझा कप ओढून बशीत ओतला. काचेच्या टेबलाखाली लाखांचे हार मांडलेले, अन् वर ही फुरके मारतेय.

तिचं नाव कमळ. गल्लीत सगळे कमळअक्का म्हणायचे. आम्ही धुळ्याचे. आग्रा रोडला माझं पंक्चरचं दुकान होतं, अन् दुकानाच्या बाजूला कढई मांडून ती केळीचे वेफर तळायची. ट्रकवाले टायर काढायला थांबले की पाच-पाच रुपयांच्या पुड्या घ्यायचे. मी चौथी शिकलेला, ती तेवढीही नाही. तिला फक्त आकडे यायचे. पण सोन्याच्या दुकानात तिच्यासमोर टाय लावलेला सेल्समन एसीत घामाघूम झालेला मी या डोळ्यांनी पाहिलाय.

धुळ्यात काय सराफ नाहीत? रांगेनं आहेत. पण ती जळगावलाच जायची. एसटीत मला पंचाहत्तरीमुळे फुकट, तिला बाई म्हणून अर्धं. "दोघांचं मिळून अर्धं तिकीट," म्हणायची. "तेवढ्यात जळगावचे दोन सराफ एकमेकांच्या अंगावर घालता येतात."

त्या दिवशीचं काम होतं एक ग्रॅमच्या नाण्याचं. आम्हाला तीन नाती. प्रत्येकीला एकेक नाणं, सारखं, आपल्यामागं पोरींत भांडण नको, हा तिचा हट्ट. दोन झाली होती, हे तिसरं.

तिची घ्यायची रीत ठरलेली. दुकानात शिरल्यावर आधी भिंतीवरचा बोर्ड बघायचा, आजचा भाव. तो पेनानं तळहातावर लिहायचा. मग नाणं हातात घ्यायचं, अन् किंमत विचारायच्या आधी उलटा प्रश्न टाकायचा: "भाऊ, हाई नाणं मी आते तुमलेच परत इकं तं कितला देशात?" गिऱ्हाइकानं अजून घेतलं नाही अन् परत विकायचा भाव विचारतंय, सेल्समन गडबडायचाच. तो आकडा तळहातावर दुसऱ्या ओळीत. घ्यायची किंमत तिसऱ्या ओळीत. मग सगळा पंजा त्याच्या नाकापुढं धरून मधल्या फरकावर बोट ठेवायचं. "ह्या कसाना पैसा?" हे पैसे कसले, एवढंच. त्यापुढं ती बोलायची नाही. पुढचं दुकानदारानं बोलायचं.

तो म्हणायचा, पॅकिंगचे. ती म्हणायची, "भाऊ, मी पण पुड्याच भरते. हवा किती भरली तेवढं बोला."

कोणी शहाणा सांगायचा, आजी, दहा ग्रॅमचं घ्या, त्यात ग्रॅममागं वरचे पैसे कमी पडतात. जसं काही तिला ते माहीत नव्हतं. मला तर तिनं हे कढईपाशी बसून शिकवलं होतं. "पुडी पाच रुपयाची असो की किलोची, तोंड बंद करायची मेहनत तीच. नाण्यावर ठसा एक ग्रॅमवर मारा की दहावर, दणका एकच. म्हणून लहान नाण्यात मालकाचा हिस्सा मोठा."

"मग दहाचंच घेऊ ना."

"अन् तीन पोरींत कसं वाटाल? तुमच्या पटाशीनं?"

म्हणून एक ग्रॅमचं. पण त्यात सोनं किती, दुकानदार किती, हे कळल्याशिवाय पदराची गाठ सुटायची नाही. सरकारचे तीन टक्के मात्र ती निमूट द्यायची. म्हणायची, सरकारला विचारलं तर ते फॉर्म देतं.

त्या दिवशी काउंटरवरच्या पोरीनं दोन नाणी पुढं ठेवली. एक साधं, एक लक्ष्मीचं. लक्ष्मीचं महाग.

"लक्ष्मीचे जास्त कसे, बाई? ती काय वजनात धरली?"

"डिझाइन आहे ना आजी."

"मग साधंच दे. आमच्याकडे लक्ष्मीनं आजवर तोंड दाखवलं नाही, आता नाण्यावर बघून काय करू?"

साधं घेतलं. फरकही बराच खाली आणला. काम झालं होतं, उठायचं होतं. अन् तेव्हा मी आगाऊपणा केला. दुकान बंद केल्यापासून माझा कॉम्प्रेसर पडून होता, तो तिला न सांगता विकून आलो होतो. पैसे बंडीच्या आतल्या खिशात. मी त्या पोरीला म्हटलं, "मंगळसूत्राच्या वाट्यांची एक जोडी दाखव. हिच्यासाठी."

कमळनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी भर दुकानात मुतलो.

पोरीनं वाट्या मखमलीवर ठेवल्या. लहानच होत्या, पण चांगल्या होत्या. कमळनं हातसुद्धा लावला नाही. "घडणावळ किती?"

"चौदा टक्के, आजी."

"अन् उद्या मोडायला आणल्या तर चौदा परत?"

"नाही आजी, ती जाते."

"जे जाणारच आहे ते गळ्यात कशाला बांधू? एक बांधलंय, तेच पुरे." अन् माझ्याकडे बोट. ती पोरगी हसली, बाजूची दोन गिऱ्हाइकं हसली. मी खिसा परत चाचपला अन् उठलो.

मला एकदा तिच्या अंगावर खरं सोनं बघायचं होतं. खरं म्हणजे मी त्यासाठीच गेलो होतो. का, ते सांगतो. त्यात माझी लाज आहे, पण आता मला भ्यायला घरात उरलंय कोण.

लग्नात तिच्या बापानं तिला दोन तोळ्यांची पोत अन् कानातले घातले होते. मी दुकान टाकलं तेव्हा जॅक अन् कॉम्प्रेसर घ्यायला ते सगळं मोडलं. तिला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. सराफानं तोललं. मग घट धरली, आतली लाख धरली, अन् घडणावळ तर गेलीच म्हणाला. हातात आलं ते मी मुकाट खिशात घालत होतो. तेव्हा ती विशीतली, डोक्यावर पदर, परक्या माणसासमोर तोंड उघडायची नाही. त्या दिवशी पदराआडून पहिल्यांदा बोलली, "ह्या कसाना पैसा?"

म्हातारा सराफ चष्मा वर करून म्हणाला, "बाई, ते समजायला दुकान टाकावं लागतं."

ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "दागिना घेतला त्याच दिवशी एक वाटा सोनाराच्या घरी गेलेला असतो. माझ्या बापानं त्या सोनाराच्या पोरीचं लग्न लावून दिलं. मला वाटत होतं माझं लावलं."

त्यानंतर तिनं दागिना केला नाही. गळ्यात बाजारातलं पॉलिशचं मंगळसूत्र. रंग उडाला की दुसरं आणायची, वर्षाला एक. कोणाला ओळखू यायचं नाही. माझी थोरली बहीण एरंडोलला दिलेली, तिला आम्ही अक्का म्हणतो. ती चाळीस वर्षं चारचौघींत सांगत आली, "आमच्या कमळचं सोनं बघा, काल घेतल्यासारखं चमकतं." कमळ म्हणायची, "कालच घेतलंय, अक्का." खरं तेच सांगायची. अक्का म्हणायची, बघा, किती साधी आहे.

पुढं तिला हा नादच लागला. माणसांनाही तोच काटा लावायची. जावई आला की म्हणायची, "माणूस चांगला आहे, पॅकिंग जास्त आहे." गल्लीत सत्यनारायण झाला, भटजीबुवांनी दक्षिणा वाढवून सांगितली, तर त्यांनाही सोडलं नाही. "पोथी तीच, शिरा माझ्या हातचा. मग वाढले ते कसाना?" बुवा म्हणाले, "कमळअक्का, पेट्रोल." ती म्हणाली, "हां, मग तसं बोला," अन् दिले. कारण कळलं की ती पैशाला अडायची नाही. कारण न सांगता मागितले की मग तो देव असला तरी.

एकदा तिला एका नव्या दुकानाची परीक्षा घ्यायची होती. घेणाऱ्याला अन् विकणाऱ्याला ते खरंच काय काय आकडे सांगतात, ते एकाच वेळी ऐकायचं होतं. बेत असा, की मी तिचं नाणं घेऊन विकायला जायचं, दहा मिनिटांनी तिनं तसलंच विकत घ्यायला यायचं, अन् एकमेकांना ओळखायचं नाही. "तुम्ही फक्त तोंड बंद ठेवा," म्हणाली. "तेवढं एक काम द्यायची पण मला भीतीच वाटते."

मी नाणं ठेवलं, मालकानं आकडा सांगितला. तेवढ्यात ही आली. शेजारच्या खुर्चीवर बसत मला म्हणाली, "भाऊ, जरा सरका." लग्नाला चाळीस वर्षं झालेली, अन् मला भाऊ. तिनं तसलंच नाणं मागितलं, तिला दुसरा आकडा सांगितला. फरक चांगला लठ्ठ होता. मग तिनं पंजा पुढं केला. "या भाऊले कमी देतस अन् माले जास्ती लावतस. मधलं कोठे जास?" मालकानं हात जोडले. फरक निम्म्यावर आणायला तयार झाला. अन् माझा घसा सुकलेला. मी सवयीनं तिच्या पिशवीत हात घातला अन् म्हटलं, "अगं, पाण्याची बाटली कुठं ठेवलीस?"

मालकानं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. ती जागची हलली नाही. म्हणाली, "बघा शेठ, तुमच्या दुकानात किती लवकर घरोबा होतो."

सौदा गेलाच. बसमध्ये पारोळ्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली. पारोळ्याला हसायला लागली, ती धुळ्यापर्यंत.

नाणी यायची ती पुठ्ठ्याच्या कार्डात, वर जाड प्लास्टिक, त्यावर नंबर. हे पाकीट फाडायचं नाही, हा घरातला मोठा कायदा. फाडलं की विकताना दुकानदार नाणं घासून बघणार, वितळवायची भाषा करणार अन् पैसे कापणार. "पाकिटाचे पैसे एकदा दिलेत," म्हणायची, "फाडून पुन्हा द्यायचे का?" नाती आल्या की वेफरच्या डब्यातून नाणी काढून दाखवायची. पोरी म्हणायच्या, आजी, एकदा हातात दे. ती म्हणायची, प्लास्टिकवरून लावा हात, सोन्याला सगळं सारखंच.

शेजारी शोभाताई राहतात, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. लेकीसाठी नाणं घ्यायचं तेव्हा कमळला विचारून जायच्या. त्या बौद्ध, धनत्रयोदशीचं त्यांना काही नाही, म्हणून कमळला त्या फार आवडायच्या. "या बाईला मुहूर्त नाही," म्हणायची, "म्हणून ही फसत नाही."

मुहूर्तावर फसलो तो मी. एका धनत्रयोदशीला मला उमाळा आला. तिला न सांगता धुळ्यातल्याच एका दुकानाच्या रांगेत दोन तास उभा राहिलो अन् एक ग्रॅमचं नाणं घेतलं. लक्ष्मी पण होती, गणपती पण होता. लाल मखमली डबा, माझ्या जेवणाच्या डब्याएवढा. घरी आणून तिच्या हातात दिला. तिनं उघडला तर आत दिवा लागला अन् आरती वाजायला लागली. ती आरती संपेपर्यंत गप्प बसली. मग म्हणाली, "बिल."

बिलावरून बोट खाली सरकत गेलं. "ह्या कसाना पैसा?"

"डब्याचे."

"अन् ह्या?"

"लक्ष्मी-गणपतीचे असतील."

"अन् ह्या?"

मला माहीत नव्हतं.

"गर्दीचे," तीच म्हणाली.

परत करून या, असं म्हणाली नाही. परत करायला गेलो तर आणखी कापतील, हे तिला ठाऊक होतं. डब्यात बीपीच्या गोळ्या ठेवल्या. रोज सकाळी गोळीसाठी डबा उघडला की आरती वाजायची. डब्यातला सेल संपेपर्यंत आमच्या घरी ब्लडप्रेशरची आरती चालली होती. नाणं मात्र तिनं पाकिटासकट वेफरच्या डब्याच्या तळाशी वेगळं ठेवलं, पोरींच्या नाण्यांत मिसळू दिलं नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "मोडून टाक ना ते."

"हे मोडायचं नाही. याच्यात सोन्यापेक्षा तुमचं येडेपण जास्त आहे. त्याचा भाव कोण देईल?"

"मग घाल तरी. कडी लावून आणतो, गळ्यात घाल."

"पाकीट फाडायचं नाही," म्हणाली अन् वेफर पलटायला गेली.

तर त्या शेवटच्या दिवशी आम्ही परत निघालो. नातीचं नाणं तिच्या ब्लाउजमध्ये, माझे पैसे माझ्या बंडीत. एरंडोल गेलं तरी मी बोलत नव्हतो, वाट्यांचा राग होता. पारोळ्याच्या अलीकडे तिनं विचारलं, "कॉम्प्रेसर कितीला गेला?"

मी सांगितलं नव्हतं. कॉम्प्रेसरच्या टाकीखालची जागा झाडायला ती रोज जायची, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी आकडा सांगितला.

"फसले," ती म्हणाली.

तिच्या पोतीवर घेतलेला कॉम्प्रेसर. मोटर दोनदा बदलली होती, टाकी तीच होती. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "राहू द्या ते पैसे तसेच. पुढच्या खेपेला बघू वाट्या. त्या पोरीला चौदाचे दहा करायला लावते."

घरी आलो तेव्हा सहा वाजले असतील. तिनं नाणं डब्यात टाकलं, गॅसवर चहा ठेवला अन् दारातल्या ओट्यावर चपला काढायला बसली. एक काढली. दुसरी काढायची राहिली. माझी हाक ऐकून शोभाताई धावत आल्या, नाडी बघितली, छाती दाबली, पुष्कळ दाबली. मग माझ्याकडे बघितलं. आत चहा उतू जाऊन गॅस विझला होता. पोरगा पुण्याहून यायचा होता म्हणून तिला सकाळपर्यंत ठेवली.

सकाळी माणसं जमली. बायकांनी हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. अक्काला भाच्यानं गाडीत घालून आणलं होतं. अक्का म्हणाली, ओठांवर तुळशीचं पान झालं, गंगेचं पाणी झालं, आता तोंडात सोन्याचा मणी घालू. अन् कमळच्या मंगळसूत्राचा मणी तोडायला हात घातला.

मी म्हटलं, "अक्का, ते खोटं आहे."

"काय खोटं?"

"मंगळसूत्र. पॉलिशचं आहे."

अक्कानं मण्याला नख लावून बघितलं. चाळीस वर्षांचं कौतुक तिच्या तोंडावरून उतरताना मला दिसलं. "अन् कानातले?"

"ते पण."

"मग या घरात सोनं नाहीच का रे?"

शोभाताईंचा हात गळ्याकडे गेला. त्या हे काही मानत नाहीत. तरी म्हणाल्या, "नाना, माझा एक मणी घ्या." मी नको म्हटलं. जिनं शेजारून कधी वाटीभर साखर उसनी आणली नाही, तिला उसन्या मण्यावर कशी लावून देऊ.

वेफरचा डबा खाली घेतला. पोरींची तीन नाणी होती, ती तशीच ठेवली. त्यांच्या खाली माझं होतं. लक्ष्मी, गणपती, अन् प्लास्टिकला तेलाचा वास.

पोरगा हळूच म्हणाला, "नाना, कण पुरतो. अख्खं नाणं कशाला? राख चाळणारे घेऊन जातील."

"घेऊन जाऊ दे. पाकीट फाडलेलं म्हणून त्यांना पण कमीच मिळतील."

मागं कोणीतरी हसलं अन् मग खोकलं.

ज्या तोंडापुढं जळगावचे सराफ गप्प झाले, ते उघडायला शोभाताईंना दोन बोटं घालून जोर लावावा लागला. कोणीतरी कात्री पुढं केली, मी घेतली नाही. तिच्या उशाशी मांडी घातली. पाकीट तिच्या डोळ्यांपुढं धरलं, नीट दिसेल असं, अन् दातानं फाडलं. जाड प्लास्टिक, आवाज चांगला मोठा झाला.

मी थोडा वेळ थांबलो.

मग नाणं तिच्या जिभेवर ठेवलं.